काडी

ऑक्टोबर छाटणी झाली की काड्या बांधाला पडून असतात.
निफाडच्या मोगलांनी फुकट दिल्या,
म्हणाले, न्या हो, आम्ही नाहीतरी काडीच लावणार.
दोन पोती छोट्या हत्तीत टाकून मी सातपूरला आणली.

लॅबमध्ये माझं काम दळायचं, उकळायचं, गाळायचं.
मॅडम वहीत लिहितात, मी पातेली घासतो.
पण कॉस्टिकच्या पाण्यात काडी चार तास शिजली
की जे उतरतं
ते आधी मी बघतो.
काळं पाणी, मळीसारखं दाट,
वास ओल्या सरपणाचा.
त्यात थेंब थेंब आम्ल सोडायचं
आणि गप्प बसायचं.
तळाशी येतो तपकिरी गाळ, चहाच्या चोथ्याहून बारीक.
हे लिग्निन. झाडाला ताठ ठेवतं ते.

पुस्तकात याला बहुवारिक म्हणतात.
तीच ती घडण, वारंवार, हातात हात घालून,
असं मॅडमनी समजावलं.
मी म्हणालो, म्हणजे पंगत?
त्या हसल्या.
पंगत सरळ बसते, गांगुर्डे. ही जत्रा आहे.

थोडं एरंडेल, थोडं ग्लिसरीन,
काचेवर पापडासारखं पसरायचं, दुसऱ्या दिवशी सोलायचं.
हाती येतो काळा कागद, वाकतो, तुटत नाही,
उन्हाकडे धरला तर कडेला मधाचा रंग.

वेलीवर पान असतं तर त्याने उन्हाची साखर केली असती.
घड भरला असता,
खोक्यात बसून बोटीने कुठल्या कुठे गेला असता.
याला साखर जमत नाही.
ऊन आत शिरतं, त्या जत्रेत हरवतं,
धक्के खात फिरतं
आणि बाहेर येतं तेव्हा ऊब झालेलं असतं.
याला एवढंच येतं.

जानेवारीत निफाडला गेलो. कुंदेवाडीचा पारा साडेपाच.
कादवेवर वाफ.
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून मोगल रात्रभर
बागेत शेकोट्या करून बसलेले,
त्याच काड्यांच्या.
आमचा कागद चार ओळींवर ताणलेला,
एक तुकडा बांधावर, तापमापीची वायर लावून.
पहाटे पाचला हात लावला.
लोखंडागत गार.

ऊन नसताना काय करतो हा, मोगलांनी विचारलं.
मॅडम म्हणाल्या, काही नाही.
आणि वहीतही तेच लिहिलं, पूर्ण, न खोडता:
काही नाही.

साडेसातला ऊन बांधावर आलं.
आठला कागद पंचवीस, साडेआठला चौतीस,
हवा अजून दहावरच अडलेली.
पण तडकायचे ते मणी पहाटेच तडकले होते.
मोगल एक घड उलटा करून बघत राहिले,
आम्हाला काही बोलले नाहीत.
ते जास्त लागलं.

पेठकडच्या बाया घड तोडायला आलेल्या.
दव सुकेपर्यंत तोड सुरू होत नाही,
तोवर कात्र्या कमरेला आणि हात काखेत.
सोमीबाई भोये बांधावर टेकली,
तिचा तळवा चुकून त्या तुकड्यावर पडला.
उचलला. परत ठेवला. मग दुसराही.

आतमंदी इस्तू हाय का?
नाही बाई. काडी आहे.
जाळल्याली?
न जाळलेली.

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली,
थट्टा करतोय का, याचा अंदाज घेत.
मग बाकीच्यांना हाक मारली.
आठ हात, भेगाळलेले, द्राक्षाच्या चिकाने काळवंडलेले,
त्या ताटाएवढ्या काळ्यावर
एकमेकांवर चढलेले.

सातपूरला आल्यावर आलेख काढला.
रेघ छान चढत जाते,
आठ चाळीसला मात्र खड्डा,
सहा अंश खाली, मग सावकाश वर.
मॅडम म्हणाल्या, हा बिंदू गाळू या, काहीतरी चुकलंय.
मी म्हणालो, चुकलं नाही मॅडम.
सांगितलं काय झालं ते.

त्यांनी खोडरबर खाली ठेवलं
आणि खड्ड्याशेजारी पेन्सिलीने
लहान अक्षरात लिहिलं:
हात.